भांगेचा व्यापारी की घोडदळाचा जनरल? लेक्सिंग्टनचा जॉन हंट मॉर्गन

सुमनताई_सातारा

नमस्कार मंडळी. चार महिन्यांसाठी लेकीकडे आले आहे, अमेरिकेत केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन गावी. लेक-जावई सकाळी कामावर, नात शाळेत. मग मी आणि आमचे हे पायी फिरायला निघतो. जवळच इथली मोठी दफनभूमी आहे. पहिल्या दिवशी मला आत पाऊल टाकायला कसंतरीच वाटलं, पण आहे अगदी बागेसारखी. ह्यांना तर झाडांचं वेड. आता रोजची फेरी तिथेच होते.

परवा तिथे घोड्यावर बसलेल्या माणसाचा भला मोठा ब्राँझचा पुतळा दिसला. नाव जॉन हंट मॉर्गन. रात्री जेवताना जावयाला विचारलं. म्हणाला, "गुलामीवरून दक्षिणेची राज्यं देशातून फुटली, त्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला जनरल, आई. मूळचा हेम्पचा व्यापारी. त्या घोड्याचीही एक गंमत आहे, पण ती तुम्हाला कशी सांगू?" आणि दोघं नवरा-बायको हसत बसले.

शब्दकोशात हेम्प म्हणजे भांग निघालं! भांग विकणारा माणूस जनरल कसा झाला? माझ्या वडिलांचं साताऱ्यात किराणा दुकान होतं. गावात जरा दगडफेकीची कुणकुण लागली की पहिल्या फळ्या आमच्याच लागायच्या. दुकानदार माणूस भांडणापासून लांब राहतो, असंच मी बघत आलेय. या गृहस्थाचा बसलेला धंदा होता, घरी आजारी बायको होती आणि वय होतं 36. तो उठून लढाईला का गेला असेल? कोणी नीट सांगेल का? आणि घोड्याचं काय ते पण सांगा, मी साठीची बाई आहे, लाजणार नाही.

गठाणवाला

सुमनताई, हा प्रश्न माझ्याच वाट्याचा आहे म्हणायचा. आमचा खामगावला तीन पिढ्या बारदानाचा धंदा. मुलगा केंटकीत शिकायला होता तेव्हा 2016 साली आम्हीही लेक्सिंग्टनला महिनाभर राहिलो. तेव्हा हा पुतळा गावात, जुन्या कोर्टाच्या आवारात होता.

आधी भांगेचं. झाड त्याच कुळातलं, पण केंटकीवाले ते लावायचे नशेसाठी नाही, वाखासाठी, म्हणजे खोडाच्या सालीतल्या धाग्यासाठी. आपल्याकडे अंबाडी नाल्यात कुजत घालून सोलतात ना, तसंच. फरक इतकाच की ते लोक कापलेलं पीक शेतातच पसरून ठेवत आणि दवावर कुजू देत. मग थंडीत लाकडी चापात घालून कांड्या मोडायच्या, झटकायच्या, वाख वेगळा करायचा. अंबाडीचा तो कुजका वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. माझ्या आजीच्या हाताला वाख सोलायच्या दिवसांत तो आठ-आठ दिवस यायचा.

या वाखाचं काय करत? दोर आणि जाडंभरडं कापड. कशासाठी? कापसाच्या गठाणीसाठी! दक्षिणेत मिसिसिपी-अलाबामाकडे कापूस पिकायचा, तो दाबून गठाण बांधायची म्हणजे वर गुंडाळायला बारदान आणि आवळायला दोर लागणार. तो माल केंटकीतून जायचा. म्हणजे मॉर्गनबुवा आमचेच धंदेभाऊ, बारदानवाले. हे कळलं तेव्हा मला त्या पुतळ्यापुढे हसू आलं होतं. आमच्या गोदामात तागाच्या तेलकट वासात बसून दाभणाने पोती शिवून घेणाऱ्या माझ्या वडिलांना कुणी घोड्यावर बसवलं असतं तर?

अजून एक. या केंटकीवाल्यांचा जुना वैरी कोण, तर कलकत्त्याचं गोणपाट. आपल्या बंगालच्या तागाचं स्वस्त कापड अमेरिकेच्या बंदरांत उतरायचं, आणि केंटकीचे पुढारी त्यावर जकात बसवा म्हणून वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं ओरडत राहिले. युद्धानंतर तागानेच त्यांना खाल्लं.

आता माणूस. जन्म 1 जून 1825, हंट्सव्हिल, अलाबामा. दहा भावंडांत थोरला. बापाचा औषधांचा धंदा बुडाला, घर गेलं, आणि कुटुंब आईच्या माहेरी लेक्सिंग्टनला आलं. आईचे वडील जॉन वेस्ली हंट म्हणजे गडगंज असामी, ॲलेगनी डोंगरांच्या पलीकडचे पहिले लक्षाधीश म्हणून त्यांचं नाव घेतात. बाप सासऱ्याच्या शेताची देखरेख करू लागला. बुडालेल्या जावयाच्या मुलाने श्रीमंत आजोळी वाढायचं, ते काय असतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. पोरगं तापट. ट्रान्सिल्व्हेनिया कॉलेजाने द्वंद्वयुद्ध केलं म्हणून 1844 ला निलंबित केलं. मग मेक्सिकोच्या युद्धात घोडदळात, ब्युएना व्हिस्टाची लढाई बघितली. परत येऊन 1848 ला लग्न केलं रिबेका ब्रूसशी. तिचा भाऊ याचा धंद्यातला भागीदार. वाखाचा कारखाना काढला, पुढे आजोबांचा व्यापार हातात घेतला. 1853 ला बायकोला मेलेलं मूल झालं, त्यातून पायाला विष चढलं, पाय कापावा लागला. ती पुढे अंथरुणालाच.

हे सगळं चालू असताना हा शिपाईगिरीही सोडत नव्हता. 1857 ला गावातल्या पोरांची "लेक्सिंग्टन रायफल्स" नावाची पलटण उभी केली. म्हणजे ताई, तुमच्या वडिलांसारखा निव्वळ गल्ल्यावर बसणारा हा नव्हता.

तरी लिंकन निवडून आल्यावर नोव्हेंबर 1860 ला धाकट्या भावाला, टॉमला, त्याने पत्रात लिहिलं की आपलं राज्य फुटून निघणार नाही अशी आशा आहे, लिंकनला एक संधी तरी देऊन बघू. बोलणं अगदी व्यापाऱ्याचं. केंटकीने मग मे 1861 मध्ये आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं. टॉम जुलैच्या सुरुवातीला गुपचूप दक्षिणेच्या फौजेत गेला. हा धंदा आणि बायको सांभाळत मागे राहिला. 21 जुलैला बायको गेली. सप्टेंबरात तटस्थपणा मोडला, उत्तरेची फौज आली आणि पलटणींची हत्यारं जमा करायची वेळ आली. 20 सप्टेंबरच्या रात्री याने काय केलं? शस्त्रागारात थोडी माणसं कवायतीचे पाय आपटत ठेवली, बाहेरच्याला वाटावं आत रोजची परेड चालू आहे. आणि बंदुका गवताच्या गाड्यांत घालून गावाबाहेर काढल्या. जकात चुकवून माल काढणारा पेठेतला माणूस आठवतो की नाही?

माझं मत विचाराल तर तो दुकान सोडून लढाईला गेला हे अर्धंच खरं. त्याचं दुकानच त्या लढाईत होतं. गिऱ्हाईक दक्षिणेचं, गठाण दक्षिणेची, आणि कारखान्यात वाख विंचरायला, दोर वळायला गुलाम. केंटकीतल्या वाखाच्या कामाला सर्रास गुलामच लावत. रोजचा 100 पौंडांचा नेम ठरलेला, त्यावर जेवढं जास्त झोडपाल त्याला पौंडामागे एक सेंट. मॉर्गनच्या घरीही गुलाम होते. तटस्थ राहण्याचा हिशोब उन्हाळाभर त्याने करून पाहिला, जमला नाही.

बाकी पराक्रमाचं उद्या लिहितो. सीझन चालू आहे, जिनिंगवाल्यांचे फोन संपत नाहीत.

ओहायोकर

गठाणवाला भाऊ यायच्या आत घोड्याचं मी सांगून टाकतो.

मॉर्गनची आवडती घोडी ब्लॅक बेस. घोडी बरं का, मादी. 1862 च्या मे महिन्यात टेनेसीतल्या लेबननला याच्यावर पहाटे छापा पडला, पळत पळत नदीवर आले, नावेत माणसांपुरतीच जागा. बेस काठावर राहिली आणि शत्रूच्या हाती गेली. पुढे 1911 ला पुतळा झाला तेव्हा शिल्पकार पाँपेओ कोपिनी अडून बसला की वीरपुरुष घोडीवर शोभत नाही. त्याने बेसला घोडा करून टाकलं, सर्व अवयवांसकट! मग काय, विद्यापीठातली पोरं वर्षानुवर्षं रात्री येऊन नेमका तोच भाग रंगवून जायची. जावईबापूंची अडचण समजून घ्या.

मी सिनसिनाटीजवळ राहतो. आमच्याकडे रस्त्याकडेला त्याच्या 1863 च्या स्वारीच्या वाटेच्या पाट्या लावल्यात. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या घरी अजून "आमच्या खापरपणज्याची घोडी मॉर्गनने नेली" अशा गोष्टी निघतात. आपल्याकडे पेंढाऱ्यांच्या निघतात तशाच.

जीवशास्त्रवाली

थोडं अवांतर. बारावीला फळमाशीचे, ड्रोसोफिलाचे प्रयोग शिकवताना आम्ही ज्या मॉर्गनचं नाव घेतो, तो थॉमस हंट मॉर्गन या जनरलचा सख्खा पुतण्या. जन्म 1866, लेक्सिंग्टनचाच. 1933 चं नोबेल त्याला मिळालं. जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक सेंटिमॉर्गन, ते याच्यावरून. सुमनताई, तुमच्या गावात ग्रॅट्झ पार्कला हंट-मॉर्गन हाऊस म्हणून जुनं घर आहे, 1814 चं, आजोबांनी बांधलेलं. पाहता आलं तर पाहून या. वर्गात मुलांना मी नेहमी सांगते: काका घोडे पळवायचा, पुतण्या माशा पाळायचा. त्या दिवशी एकही पोर झोपत नाही.

सुमनताई_सातारा

किती छान माहिती देताय सगळे! घोड्याचं वाचून ह्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला. आज फेरीत मुद्दाम मागून बघून आलो. आहे बाई खरंच.

गठाणवाले भाऊ, उरलेलं लिहा हो.

गठाणवाला

घ्या. तासभर मोकळा आहे.

याचं घोडदळ तलवारी उपसून धावून जाणारं नव्हतं. घोडा फक्त पोचायला. पोचलं की उतरायचं, चारांतल्या एकाने चौघांचे घोडे धरायचे आणि तिघांनी लांब पल्ल्याच्या बंदुका घेऊन पायी लढायचं. काम झालं की पुन्हा स्वार. 4 जुलै 1862 ला नॉक्सव्हिलहून सुमारे 900 स्वार घेऊन केंटकीत घुसला. 24 दिवसांत हजार मैलांवर दौड, 17 गावं घेतली, जवळजवळ 1200 शिपाई पकडून, पुन्हा लढणार नाही अशा शपथेवर सोडून दिले. त्याने स्वतःच अहवालात हे आकडे मांडलेत आणि आपली तूट सुमारे 90 माणसांची दाखवलीय. मी वाचलं तेव्हा वाटलं, ही तर दिवाळीची खतावणी! निघालो तेव्हा 900, परतलो तेव्हा 1200. वाटेत पोरं भरती होत गेली, तीसुद्धा जमेला धरलेली.

खरी गंमत तारेची. जॉर्ज एल्सवर्थ नावाचा तारवाला त्याने बरोबर घेतला होता. हॉर्स केव्हजवळ धो धो पावसात, विजा चमकत असताना हा पठ्ठ्या गुडघाभर पाण्यात बसून सरकारी तारेला आपलं यंत्र जोडून ऐकत होता. लोकांनी नाव ठेवलं "लायटनिंग". शत्रूची खबर ऐकायची आणि त्यांच्याच नावाने खोट्या तारा करून फौजा भलतीकडे पाठवायच्या. परतताना लुईव्हिलच्या जनरल बॉईलला टोमणे मारणारी तार केली ती वेगळीच. बाजारभाव आधी कोणाला कळतो यावर ज्याचं पोट, त्याला तारेची किंमत कळणारच. आमच्या आजोबांकडे मुंबईहून रुईच्या भावाची तार यायची तेव्हा घरातली पोरं गप्प बसवायचे म्हणे.

ऑगस्टात गॅलॅटिनजवळ रेल्वेच्या बोगद्यात जळते डबे ढकलून दिले, वरची दरड कोसळली, लुईव्हिल-नॅशव्हिल मार्ग 98 दिवस बंद. डिसेंबरात बढती मिळून ब्रिगेडियर जनरल, आणि त्याच आठवड्यात मर्फ्रीसबरोला मार्था रेडीशी दुसरं लग्न. लग्न कोणी लावलं? लेफ्टनंट जनरल लिओनिडास पोक, जो मुळात बिशप. गणवेशावर पाद्र्याचा झगा घालून.

आणि मग 1863. वरचा अधिकारी ब्रॅग म्हणाला होता, ओहायो नदी ओलांडायची नाही. याने 8 जुलैला ब्रँडनबर्गला दोन आगबोटी पकडल्या आणि ओलांडली. त्याआधी तीनच दिवस, केंटकीतल्या लेबननला, धाकटा टॉम छातीत गोळी लागून गेला होता. ज्याला पत्र लिहिलं होतं तोच. वय 19. (जीवशास्त्रवाल्या ताईंच्या नोबेलवाल्याला हेच नाव दिलंय.)

नदीपलीकडे काय झालं ते त्याचा मेहुणा आणि उजवा हात बेसिल ड्यूक याने नंतर लिहून ठेवलंय, आणि मला सगळ्यात तेच आवडतं. इंडियाना-ओहायोत शिपायांनी दुकानं लुटली, पण काय? ऐन जुलैच्या उकाड्यात एकाने बर्फावर घसरायचे बूट गळ्यात अडकवून नेले. एकाने तीन कॅनरी पक्ष्यांचा पिंजरा दोन दिवस घोड्यावर वागवला. आणि बहुतेकांनी खोगिराला चिटाचं एकेक ठाण बांधलं. पुढच्या गावात ते फेकायचं आणि नवं घ्यायचं. चीट म्हणजे त्यांचं कॅलिको, नाव आपल्या कालिकतचं. कापूस दक्षिणेचा, कापड उत्तरेचं, आणि ज्याने आयुष्यभर गठाणींना दोर पुरवला त्याची माणसं ते कापड चिखलात टाकत चाललीत. कापडवाल्याच्या पोराला बघवणार नाही.

स्वतः मॉर्गन गिरणीवाल्यांकडून खंडणी घ्यायचा, हजार डॉलर द्या नाहीतर गिरणी जाळतो. एका गिरणीवाल्याने घाबरून बाराशे दिले, तर याने मोजून वरचे दोनशे परत केले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. खरी असो की रचलेली, माणूस मात्र बरोबर पकडलाय.

शेवट वाईट. 19 जुलैला बफिंग्टन बेटाजवळ नदी उतरून परतायचं होतं, तर पाण्यात तोफांच्या आगबोटी आणि मागे फौज. जवळजवळ अर्धी माणसं तिथे पकडली गेली. 26 ला ओहायोच्या पार ईशान्य कोपऱ्यात शरण आला. कैद्यांच्या छावणीत न ठेवता कोलंबसच्या तुरुंगात टाकलं, दाढी-डोकं भादरलं. 27 नोव्हेंबरच्या रात्री जेवणाच्या सुऱ्यांनी फरशी फोडून, खालच्या हवेच्या पोकळीतून बोगदा काढून सातजण निसटले. मग स्टेशनवर जाऊन रीतसर तिकिटं काढली आणि सिनसिनाटीच्या गाडीत बसले!

कडू_कारलं

छान रंगवलंय, पण जरा थांबा. पुतळा कोर्टाच्या ज्या आवारात होता त्याला लागूनच चीपसाईड. तिथे माणसांचा लिलाव व्हायचा, त्या भागातल्या मोठ्या गुलामबाजारांपैकी एक. 1860 ला केंटकीत सव्वादोन लाखांवर गुलाम होते. त्यांच्या छातीवर 1911 मध्ये हा पुतळा उभा केला. लेक्सिंग्टनपासून थोड्याच अंतरावर कॅम्प नेल्सन आहे. गुलामीतून निघून आलेल्या दहा हजारांवर कृष्णवर्णीयांनी तिथे उत्तरेच्या फौजेचा गणवेश चढवला. त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही. ओहायोत तर चार हजारांहून जास्त लोकांनी भरपाईचे अर्ज केले. त्यांचे घोडे पळवले त्याला गनिमी कावा कोण म्हणणार?

गठाणवाला

कारलेबुवा, पटलं. मी गुलामांचं लिहिलं, पण एका ओळीत उरकलं, तेवढं पुरे नव्हतं. कॅम्प नेल्सन आम्हीही पाहिलं नाही, मुलगा म्हणाला होता तरी. आम्ही घोड्यांच्या शर्यती पाहत बसलो.

तुमच्या बाजूने अजून भर घालतो. तुरुंगातून सुटल्यावर तो पहिला मॉर्गन राहिलाच नाही. जून 1864 च्या शेवटच्या स्वारीत माउंट स्टर्लिंगला त्याच्या माणसांनी बँक लुटली, पन्नास हजार डॉलरहून जास्त. नंतर लेक्सिंग्टनमध्ये, स्वतःच्या गावात, तेच. ज्या पेठेत याची पत होती, ज्या लोकांशी आजोबांपासून देणंघेणं, तिथे! सिंथियानाला पराभव झाला. बँकेच्या पैशाची त्याच्याच दक्षिणेच्या सरकारने चौकशी लावली, आणि ती उभी राहायच्या आत 4 सप्टेंबरला टेनेसीतल्या ग्रीनव्हिलला पहाटे तो मुक्कामी असलेलं घर घेरलं गेलं. बागेतून पळताना अँड्र्यू कॅम्पबेल नावाच्या साध्या शिपायाच्या गोळीने गेला. वय 39. मुलगी पुढच्या वर्षी जन्मली.

आमच्या धंद्यात युद्धात मेलेल्यापेक्षा बँकेच्या चौकशीत सापडलेल्याबद्दल जास्त हळू आवाजात बोलतात. त्याच्या पुतळ्याखाली मात्र त्यातलं काही वाचल्याचं मला आठवत नाही.

आणि हेही सांगतो म्हणजे हात झटकल्यासारखं होणार नाही. त्याच चार वर्षांत अमेरिकेचा कापूस अडला म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत कापूस-शेअरवाल्या प्रेमचंद रायचंदांचा जमाना, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर. 1865 ला युद्ध थांबलं आणि मुंबई बुडाली. खामगावच्या बाजाराची भरभराट झाली त्यात त्या भावाचा वाटा आहेच. आमची पेढी नंतरची, पण बाजार तोच.

सुमनताई_सातारा

सगळ्यांचे आभार. काल शनिवारी लेकीला म्हटलं, तो पुतळा आधी जिथे होता ती जागा दाखव. आता चीपसाईडचं नाव बदललंय, हेन्री टँडी यांचं दिलंय. गुलामीत जन्मले आणि पुढे मोठे गवंडी-ठेकेदार झाले, असं जावयाने सांगितलं. शनिवारी तिथेच भाजीबाजार भरतो. मी शेतकऱ्यांकडे बघत होते, तर लेक म्हणाली, आई, लिलाव इथेच व्हायचे. हातातली पिशवी मला एकदम जड वाटली. बराच वेळ एका बाकावर बसून राहिले. हे उगाच पुतळ्याचा चौथरा कुठे असेल ते शोधत होते.

मग एका बाईकडे कोवळी भेंडी दिसली. साताऱ्याच्या भेंडीपेक्षा जरा आखूड आणि जाड. घेतली पाऊण किलो. कॅम्प नेल्सनला पुढच्या रविवारी जाऊ म्हणतोय.